नाक वगळून साठ मिलिमीटर

आमचे वामनकाका घरात आले की चपलेच्या आधी खिशातली स्टीलची पट्टी काढतात. पपईची फोड पुढे केली तर तिची जाडी मोजतात. पापड मोजतात. गेल्या गणपतीत आमच्या दाराचं तोरण डावीकडे कललंय असं म्हणत स्टुलावर चढले, बराच वेळ पट्टी लावली, आणि तोरण बरोबर आहे, दारच वाकडं आहे, असा निकाल देऊन खाली उतरले. त्या दारातून आम्ही वर्षानुवर्षं सुखाने ये-जा करत होतो. आता प्रत्येक वेळी मान तिरपी होते.

वामनाने तीन पावलांत त्रिभुवन मोजलं म्हणतात. आमच्या वामनाला अमरावतीतली आमची एक गल्ली मोजून होत नाही. यात त्यांच्या नोकरीचा दोष असावा. ते धामणगाव रेल्वे या गावी जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर होते. कापसाची चिमूट बोटांत ओढायची, धागा पट्टीला लावायचा आणि लांबी सांगायची. तिथे एका मिलिमीटरवरून माणसं हातघाईवर यायची. म्हणून कुणी "साधारण" किंवा "असेल" असं म्हटलं की काका कळवळतात. "अंदाज भाजीतल्या मिठाले ठेवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आणखी एक खोड म्हणजे बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे पाहत नाहीत. शर्टाच्या गुंडीकडे पाहतात. मला वाटायचं, दोन गुंड्यांमधलं अंतर तपासत असतील.

यंदा आईचा चष्मा बदलायचा होता. नंबर तिने अकोल्याला आपल्या बहिणीकडे असताना काढला होता, आणि मी हौसेने मोबाइलवरून चष्मा मागवायला बसलो. तिथे डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर विचारलं होतं, कारण काचेचा मध्य बाहुलीसमोर यावा लागतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीत ते नव्हतं. आई म्हणाली, त्यात काय मोठं, मी मोजते. तिने आरशासमोर उभं राहून शिवणाचा टेप लावला आणि आकडा सांगितला. पंच्याहत्तर मिलिमीटर. मी तो भरून टाकला.

चष्मा आला आणि घराला अवकळा आली. आईला उंबरठ्याला दोन कडा दिसू लागल्या. तासाभरात डोकं धरून बसायची. सुईत दोरा जाईना. आयुष्यभर ब्लाउज शिवलेली बाई ती, एका दुपारी तिने मशीनवर कव्हर घातलं आणि फोनवर बहिणीला सांगितलं, "आता माहे डोये गेले. शिवणं संपलं माह्यं." चष्म्याची सवय होईल म्हणून मी तिची समजूत काढत होतो, पण मनातून मीही घाबरलो होतो.

काका आले ते पपई मोजायलाच. त्यांनी चष्मा उचलून पाहिला आणि माप कोणी घेतलं ते विचारलं. आईने टेप लावून दाखवला. एका डोळ्यापासून निघालेला टेप नाकाच्या दांडीवर चढला आणि पलीकडे उतरून दुसऱ्या डोळ्यापाशी पोचला. टेप अंगालगत धरायची तिची जन्माची सवय. आणि आईच्या माहेरचं नाक काही लपून राहणारं नाही.

काका बराच वेळ त्या नाकाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, तुमी नाकासकट मोजलं."

त्यांनी आईला ओसरीवर उजेडात बसवलं आणि पट्टी तिच्या भुवयांखाली सरळ आडवी धरली. माप घेणाऱ्याने आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा असतो, पण काकांना एकच डोळा मिटता येईना. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला डोळा मारला नव्हता. शेवटी त्यांनी टोपी आधी एका डोळ्यावर ओढली, मग दुसऱ्या. तीनदा मोजून आकडा दिला, साठ. कुसुमकाकू होत्या तेव्हा त्यांच्या चष्म्याचं माप ते असंच घ्यायचे म्हणे. वर ज्ञानही दिलं, "मोठ्या मानसाचं हे अंतर एकदा मोजलं की मोजलं. मरेपर्यंत बदलत नाही."

नव्या काचा आल्या आणि आईने पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवला. मशीन पुन्हा सुरू झालं. तो खडखडाट ऐकून माझे डोळे भरून आले. मी काकांच्या घरी जाऊन त्यांच्या पाया पडलो. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, त्यांनी माझं दार वाकडं ठरवलं असलं तरी.

आईने त्या गडबडीत एक गोष्ट पाहून ठेवली होती. काकांच्या स्वतःच्या चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली होती. रविवारी ते आले तशी ती म्हणाली, बसा भाऊजी, तुमचंही माप घेते. काकांनी उजेड कमी आहे म्हणून पाहिलं, पट्टी झिजलीय म्हणून पाहिलं. शेवटी बसले, आणि आईच्या पदराच्या पिनेकडे पाहू लागले.

"तिकडं नाही. माह्या डोयात पाहा," आई म्हणाली.

काकांनी मान वर केली. आईचा हात स्थिर होता, पण काकांच्या डोळ्यांत इतकं पाणी आलं की बाहुली दिसेना. आईने पट्टी खाली घेतली.

"कुसुम गेल्यापासून असं समोर बसून मले कोनी पाह्यलं नाही, वहिनी," काका म्हणाले.

आई त्यांनी डोळे पुसेपर्यंत थांबली आणि मग माप घेतलं. चौसष्ट.

त्यांचा नवा चष्मा केव्हाच आला. छान बसलाय. तरी पुढच्या रविवारी काका पुन्हा हजर झाले. एकदा तपासून घ्या म्हणाले. तेव्हापासून दर रविवारी ते ओसरीवर खुर्ची ओढून बसतात, पट्टी स्वतःच आईच्या हातात देतात आणि सरळ तिच्या डोळ्यांत पाहतात. आईही घाई करत नाही. काल तिने पट्टी धरली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "यावेळी थोडं सरकलं वाटते, भाऊजी. पासष्ट असन."

असन! मी काकांकडे पाहिलं. भाजीतलं मीठ आता निघणार, असं मला वाटलं. काकांनी पट्टी पुसली आणि खिशात ठेवली.

"मंग पुढच्या आयतवारी पुन्हा पाहा लागन," ते म्हणाले.