शेकरूचा गेटपास

कतारमध्ये माझ्यावर सर्वांत जास्त उपकार बबनमामांचे. आणि हे बबनमामा रोज संध्याकाळी फोनवरून एका शेकरूला मुंबईच्या विधानभवनात न्यायचे.

नात्याने ते माझे कोणी नव्हेत. मेसईद या तिथल्या कारखान्यांच्या गावात एका कंपनीची बस चालवतात. गाव भीमाशंकरच्या पायथ्याशी. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, नोकरी शोधत त्यांच्या खोलीत येऊन पडलो, तेव्हा मुलाखतीसाठी त्यांनी स्वतःचा इस्त्रीचा शर्ट काढून दिला होता.

फोनच्या पलीकडे त्यांची लेक, चिऊ. शेकरू म्हणजे त्यांच्या रानातली झुपकेदार शेपटीची मोठी खार. आपल्याला राज्यप्राणी केलंय, तर आपलं चित्र कुठे टांगलंय ते बघायला गोष्टीतलं शेकरू निघालं होतं.

विधानभवन मामांनी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे ते थेट मेसईदच्या कारखान्यासारखं होतं.

"शिपाई म्हनला, गेटपास दाव. शेकरू म्हनलं, आरं, मी राज्यप्राणी! शिपाई म्हनला, आसशील. पन सेफ्टी शूज कुठंयत? तुला दोन जोड लागत्याल."

पुढे दारावर राजमुद्रेतले सिंह भेटले.

"तुम्ही चौघं ना? मंग तिघंच कसं?"

"चौथ्याची मागल्या बाजूला ड्युटी हाय."

शेजारच्या खाटेवरचा केरळी सुतार 'शेकरू' ऐकून ही कुणा शेखची गोष्ट समजून आदराने टीव्ही बंद करायचा.

पण शेकरू जिन्यातच अडकलेलं. कधी लिफ्ट बंद, कधी साहेब जेवायला. शेवटी मी वैतागलो. "मामा, यल्ला, उरका आता! सोडा की त्याला आत!"

चार्जरची वायर सरळ करत मामा म्हणाले, "आत गेलं, चित्र बघितलं, की गोष्ट खलास. ती तान्ही आसताना मी हिकडं आलो. तिच्यासंगं बोलायला मला दुसरं काय येतंय?"

पुढे नोकरी लागली आणि मी कतारमध्येच अल वक्राला राहायला गेलो. गेल्या सुट्टीत मुद्दाम त्यांच्या गावी जाऊन आलो. परतल्यावर तिथलं बोलणं मामांना फोनवर सांगणं जमेना, म्हणून मेसईदला जाणाऱ्या एकाजवळ चिठ्ठी दिली:

"मामा, सा. न.

चिऊने मला अंगणात गाठून विचारलं, शेकरू आत कधी जाणार? मी म्हणालो, आत गेलं की गोष्ट संपेल गं. तर कमरेवर हात ठेवून म्हणते, 'संपंल कशी? त्याला माघारी घरी यायचं न्हाय का? मला तर तेच ऐकायचंय.'

मामा, आज त्याला आत सोडा."