पाहुण्यावर दहा वाक्यं

तीस वर्षं मानेसरच्या कारखान्यात जर्मन मशिनं हाकली मी! जर्मन भाषेची काय बिशाद? नात मयुरा तिकडे जर्मनीत वाढतेय, मराठी पार विसरत चाललीय. फोनवर ‘हॅलो आजोबा, बाय आजोबा’ एवढंच. म्हटलं, तिला मराठी येत नाही ना, मग हा श्यामकांत जर्मन शिकेल!

मोबाईलवरच्या मास्तरीणबाईंची पद्धत सोपी. रोज एक शब्द घ्यायचा, त्यावर दहा वाक्यं करायची आणि कुणाला तरी बोलून दाखवायची. आता गुरुग्रामच्या सतराव्या मजल्यावर ‘कुणाला तरी’ कुठून आणू? माझी बायको कांता गेल्यापासून या घरात आवाज करतो तो फक्त कुकर. म्हणून वाक्यं रेकॉर्ड करून मयुरालाच पाठवायची ठरवली.

पहिलाच शब्द आला ‘बेझूख’. म्हणजे पाहुणा. झकास! ‘इश हाबे बेझूख’, माझ्याकडे पाहुणा आलाय. पाहुणा चहा पितो. पाहुणा सोफ्यावर झोपतो. सहा वाक्यांत माझं जर्मन संपलं! मग येत होते ते शब्द जोडत सुटलो. पाहुणा कपाट उघडतो. पाहुणा चाकू शोधतो. पाहुणा घरी जात नाही! दहा झाली, पाठवून दिली आणि कांदा चिरायला घेतला. हा अभ्यास आहे, एवढं सांगायचं मात्र राहिलं.

वीस मिनिटांत दारावर धाडधाड! बाहेर सोसायटीचे सेक्रेटरी चढ्ढाजी, सिक्युरिटीचा सुपरवायझर आणि लाठ्या घेतलेले दोन गार्ड. चढ्ढाजींच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल, त्यात माझा मुलगा अंशुमन, चेहरा पांढराफटक.

“बाबा, तो माणूस कुठेय?”

“कोण माणूस?”

“सोफ्यावर झोपणारा! मयुरा रडतेय इथे!”

माझ्या हातातला चाकू बघून गार्ड दोन पावलं मागे सरले. मग एकाने पलंगाखाली लाठी फिरवली, दुसऱ्याने कपाट उघडलं. आतून कांताची शाल तेवढी खाली पडली.

“अरे, अभ्यास होता तो!” मी ओरडलो.

चढ्ढाजींना काही पटेना. “गेट की एंट्री देखो!” त्यांनी फर्मावलं. सुपरवायझरने टॅबवरची यादी वर-खाली केली.

“सर, अंकल के यहाँ तो दिवाली से कोई व्हिजिटर आया ही नहीं. सिर्फ दूधवाला.”

झालं! दर रविवारी मी अंशुमनला ठणकावून सांगायचो, “इथे माणसांचा नुसता राबता असतो रे, तू माझी काळजी सोड!” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बाबा...” अंशुमन म्हणाला आणि पुढे काही बोलेचना.

“नेटवर्क खराब आहे तुझं,” मी म्हणालो.

तेवढ्यात त्याला बाजूला सारून मयुराचं रडवेलं तोंड स्क्रीनवर आलं. पाहुणा आहे की नाही, असं तिने जर्मनमध्ये विचारलं, आणि मला चक्क कळलं! मी समोरच्या चौघांकडे बघितलं. “बैठिए सब, चाय बनाता हूँ,” म्हटलं, आणि छाती पुढे काढून नातीला सांगितलं, “इश हाबे बेझूख!”

पोरगी खुदकन हसली.

चहा संपत आला तसा सुपरवायझर टॅब काढून अवघडून म्हणाला, “अंकल, हमारी एंट्री किस में डालूँ?”

“व्हिजिटर में डालो यार! चारों की अलग-अलग,” मी म्हणालो. “और आराम से लिखना. चाय और है.”