पाखरी उभीच जाईल

"तिले आडी पाडू नको रे मगन, तिन्हं मन मोडस! उभी ऱ्हाऊ दे. पुढला साल तुले नि तिले तोरणमाळले लई जासू. तठे तलावना काठ कसा सपाट शे..."

वडिलांचा हा आवाज मगन आबांनी ऐकला तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. त्या साली सारंगखेड्याच्या घोडेबाजारात त्यांच्या वडिलांनी, गोकुळ पाटलांनी, पाखरी नावाची घोडी विकली. रिकाम्या हाताने घरी यायला जीव धजेना, म्हणून येताना एक काळी सायकल आणली. घोडीचं नाव सायकलला दिलं. घोडीच्या गळ्यातली मण्यांची माळ हँडलला बांधली. आणि घोडीचे कायदेही तिलाच लावले: तिला आडवी पाडायची नाही, आणि दारातून निघताना तिचं तोंड वाटेकडे हवं. पुढचं साल उगवायच्या आत गोकुळ पाटील गेले. आवाज तेवढा उरला. आबा तो आल्यागेल्याला ऐकवत, पण 'सपाट शे'पाशी आले की थांबत. पुढे आणखी काही होतं. ते काय, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून आबा रोज पाखरीला प्रकाशा गावातून शेतात नेत आणि परत आणत. स्वतः चालत, ती शेजारी, हँडलवर हात, कॅरिअरवर चाऱ्याचा भारा. गाव म्हणे, बापाची आठवण आहे, तिच्यावर कसा बसेल माणूस? शेजारचा चुडामण तेवढा छेडायचा, "आबा, हाई सायकल शे का पाव्हनी? एक डाव बठा ना तिन्हावर!" आबा मिशीत हसत आणि चालू लागत.

नाशिकला नोकरीला असलेला त्यांचा मुलगा भाग्येश सुट्टीला आला तो नवी गाडी घेऊन. गाडीच्या टपाला काचेची खिडकी होती. बटण दाबलं की ती सरके आणि आभाळ आत येई. डोंगरावरच्या तोरणमाळला दोन दिवस जायचं ठरलं होतं. भाग्येशने स्वतःची गिअरची सायकल नेण्यासाठी तिची दोन्ही चाकं काढली आणि सांगाडा डिकीत निजवला. आबांनी ते पाहिलं आणि डोळेच मिटून घेतले.

"काय हाल कऱ्यात रे बिचारीना! पाय तोडी टाकात!"

"आबा, ती सायकल शे."

तेवढ्यात धनुबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "भाग्या, याशनी पाखरी बी लई चाल. तुन्हा आजानी कबूल कयं व्हतं. इतला वरीसमा नही व्हयनं, आते तरी व्हऊ दे."

भाग्येशच्या हातातला पाना गळून पडला. आबांचाही चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांच्याच खिशातून काहीतरी काढून दाखवावं. पण मग त्यांच्या डोळ्यांत तो तलावाचा काठ चमकला असावा. ते हळूच म्हणाले, "लई चाल. पन आडी नही. पाखरी उभीच जाई."

"उभी? गाडीमा? आबा, गाडी शे, तबेला नही!"

"उभी," आबा म्हणाले, "नि तोंड मव्हरे."

बराच वेळ झटापट झाली. मागच्या सीटचा एक भाग आडवा पाडला. पाखरीचं मागचं चाक डिकीत रोवलं, पुढचं दोन सीटांच्या मध्ये उचलून ठेवलं. पण हँडल टपाला अडलं. तेव्हा सून चेतना, जी इतका वेळ हसू दाबत उभी होती, सहज बोलून गेली, "अहो, टपाची खिडकी उघडा की."

ती थट्टेने म्हणाली होती. आबांनी ते गंभीरपणे घेतलं. खिडकी सरकली, हँडल तिरकं होऊन वर गेलं, वर जाऊन सरळ झालं आणि कट्कन बसलं. मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या घोडीने टपातून मान काढावी तशी पाखरी आभाळात डोकावू लागली. घंटी उन्हात लखलखली. भाग्येश टपाकडे बघत राहिला. ती खिडकी त्याने किती हौसेने घेतली होती!

"आते कशी झकास दिखस!" आबा म्हणाले.

दारात चुडामणने मोबाइल वर धरला होता. त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि असं गावात प्रथमच घडत होतं.

धनुबाई आणि आबा उरलेल्या सीटवर दाटीवाटीने बसले. भाग्येशच्या सायकलचं एक चाक धनुबाईंच्या मांडीवर आलं. प्रत्येक गतिरोधकावर पाखरीची घंटी आपोआप वाजे, ट्रिंग! आणि पुढची वाहनं दचकून बाजूला होत. शहाद्यात एक ट्रॅक्टरवाला मागे बघता बघता उसाच्या गाडीत घुसता घुसता वाचला. चेतनाने ओढणीने तोंड झाकलं ते म्हसावदपर्यंत काढलं नाही.

म्हसावदला रस्त्यात दोरी आडवी होती. त्या भागात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची धूम होती. तपासणी पथकाचे साहेब गाडीजवळ आले, वर पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिलं.

"प्रचाराची परवानगी दाखवा."

"कसला प्रचार, साहेब? आम्ही फिरायला निघालोय," भाग्येश म्हणाला.

"टपावर निशाणी लावून? इथं सायकल निशाणीचा उमेदवार उभा आहे. मणी बांधलेत, घंटी वाजवताय, आणि फिरायला?"

"साहेब, घंटी आपनहून वाजस," आबा नम्रपणे म्हणाले.

भाग्येश घाईने पुढे आला. "साहेब, ही आमच्या आजोबांची घोडी आहे."

साहेब दोन पावलं मागे सरले. चेतनाने कपाळावर हात मारला. "म्हणजे सायकलच आहे, साहेब. घोडीच्या जागी आणलेली."

"खाली घ्या ती."

सगळ्यांनी खालून ओढली, वरून दाबली. हँडल टपाच्या कडेत असं अडकलं होतं की पाखरी जागची हलेना. जमलेल्या लोकांत दोन तट पडले. एक तट टाळ्या वाजवू लागला, दुसरा शिट्ट्या. साहेब हबकले. "निघत नाही तर झाका निदान! काहीही करा, पण निशाणी दिसता कामा नये."

धनुबाईंनी पिशवीतून देवदर्शनासाठी आणलेलं कोरं लाल पातळ काढलं. ते हँडलवरून नीट पांघरलं, निऱ्या सारख्या केल्या, मण्यांची माळ बाहेरून ओढून घेतली. बाईचा हात; वेडंवाकडं नेसवणं त्याला ठाऊक नाही. मग मांडीवरचं चाक त्यांनी वैतागून वर सारलं. "मन्ही मांडी रगडाई गयी. ऱ्हाऊ दे याले बी वरच." चाक पातळामागे, खिडकीच्या कडेत घट्ट उभं राहिलं. ऊन त्याच्या तारांवर पडलं.

गाडी सुटली. कुणीही उतरून टपाकडे पाहिलं नाही, नाहीतर त्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं असतं.

लक्षात आलं ते घाटाच्या पायथ्याशी, चहासाठी थांबल्यावर. हापशीवर पाणी भरणाऱ्या बायांच्या हातातल्या कळशा जागीच थांबल्या. लाल पातळ. गळ्यात माळ. मागे चांदीची प्रभावळ. आणि डोंगराकडे तोंड. त्यांच्यातल्या वयस्क अनुसयाबाई कळशी ठेवून चालत आल्या, पायातल्या चपला काढल्या आणि टपाला हात जोडले.

"कोनती माय शे, दादा? तोरणमाळले जाई ऱ्हायनी का?"

भाग्येशने तोंड उघडलं. पण हात जोडून उभ्या असलेल्या बाईला काय सांगायचं? अनुसयाबाईंनी तेवढ्यात पातळावर हळद-कुंकू वाहिलं, घरून आणवलेला नारळ टपावर ठेवला आणि कापऱ्या गोड गळ्याने गायला सुरुवात केली:

"डोंगरना वाटे माय, कोन चालनी वं,
लाल तिन्हं पातळ, चांदनं मांगे वं..."

"भाग्या, सांग तिले," आबा आतून कुजबुजले.

"तुम्हू सांगा! घोडी तुमनी शे!"

इकडे चेतनाने ठरवलं, आता हे पुरे. कुणाचं लक्ष नसताना आतून हँडल मोकळं करून पाखरीला खाली ओढायची. तिने सीटवर गुडघे टेकले आणि हात वर घातला. नेमकं तेव्हाच अनुसयाबाईंनी डोळे मिटून, दिवस भरत आलेल्या सुनेसाठी विचारलं, "माय, मन्ही सून सुखे बायतीन व्हई ना?"

ट्रिंग!

चेतना आत गोठली. हात घंटीवरच होता. दचकून तो पुन्हा दाबला गेला. ट्रिंग ट्रिंग!

"जुळा!" मागून कुणीतरी ओरडलं.

मग कुणाच्याच हातात काही उरलं नाही. कुणाची तरी पिकअप आली, बाया तिच्यात चढल्या, एक ढोलही आला. भाग्येश घाट चढू लागला तेव्हा मागे ढोल, वर नारळ आणि आत चार माणसं, एकमेकांकडे न बघणारी. वळणावळणावर पाखरी ट्रिंग करी आणि मागून जयजयकार होई. पिकअपमधल्या एका पोराने काढलेलं चित्रण घाट संपायच्या आत प्रकाशाला पोचलं होतं, कारण तलावाशी गाडी थांबते न थांबते तोच चुडामणचा फोन आला, चेहरा दिसणारा. त्याच्यामागे अर्धी गल्ली उभी होती.

"आबा! तुम्हू काय बसाडं रे टपवर? देवी? ती ते पाखरी शे!"

ते ढोलाच्या आवाजातही सगळ्यांना ऐकू गेलं. ढोल थांबला. अनुसयाबाई पुढे आल्या. आबा गाडीतून उतरले, चोरी पकडलेल्या मुलासारखे, आणि स्वतःच्या हाताने पातळ काढलं.

हँडल. घंटी. दोन ब्रेक.

अनुसयाबाईंनी पाखरीला वरून खाली पाहिलं, प्रभावळीकडे पाहिलं, मग आबांकडे.

"सायकल शे?"

"शे," आबा म्हणाले.

"मग मन्हा नारय दे परत."

आबांनी नारळ दोन्ही हातांनी दिला. म्हातारी तो ओटीत घेऊन परत निघाली, मग थबकली. "इतली सजाडी, इतला डोंगर चढाडी कसाकरता आनी रे भाऊ?"

आबांनी सांगितलं. घोडी, बाजार, बाप, पुढलं साल, तलावाचा सपाट काठ. अनुसयाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि तिथेच दगडावर बसून घेतलं. "मग चालाड. दखूत आम्हू बी. एवढं लांब उनूत."

आता पिकअपमधल्या माणसांनीच हात लावला. एकाने टपावर चढून हँडल तिरकं केलं आणि पाखरी अलगद खाली आली. आडवी न होता. आबांनी तिला तलावाच्या काठावर नेलं. काठ खरंच सपाट होता, वडील म्हणाले होते तसा. पाण्यात आभाळ होतं, आभाळात पाखरी. आबांचा हात हँडलवर होता. सगळे वाट पाहत होते: बाया, ढोलवाला, आणि चेतनाने धरलेल्या फोनमधून सगळी गल्ली.

"बठा, आबा!" चुडामण ओरडला. "आते तरी बठा!"

आबा बसले नाहीत. एक पाय पायडलवर ठेवला, पुन्हा खाली घेतला. पुन्हा ठेवला. मण्यांची माळ कुरवाळली.

"बाप म्हने," ते म्हणाले, आणि सगळ्यांना वाटलं नेहमीचंच, "'तठे तलावना काठ कसा सपाट शे...'" नेहमीच्या जागी ते थांबले. पाण्याकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच पुढे गेले. "'...तठे तुले सायकल शिकाडसू.' आनि मग तो ऱ्हायना नही. माले सायकल येत नही. कधीच उनी नही."

जन्मभर ज्याला भाग्येश पितृभक्ती समजत आला होता, ते हे होतं! फोनमधली गल्ली अशी गप्प झाली की चेतनाने फोन बंद पडला का म्हणून हलवून पाहिला. ढोलवाल्याने ढोल खाली ठेवला.

हलल्या त्या फक्त धनुबाई. त्यांनी पदर कमरेला खोचला, चालत आल्या आणि पाखरीच्या सीटला मागून दोन्ही हातांनी धरलं.

"माले माहीत शे," त्या म्हणाल्या. "लगीन करीसन उनू तैपासून माहीत शे. गावमा शिकतात नि पडतात ते चुडामण हासता, म्हनीसन तुमले आठे लई उनू. बठा आते. मी धरस मांगथून. तुम्हू पडनात ते पडा, पन तिले आडी पाडू नका."