उत्तर आधी, गणित मागून

ज्याचं इंटिग्रेशन मला येत नाही असं फंक्शन अजून जन्माला यायचंय! असं मी स्टाफरूममध्ये येताजाता सांगायचो. गुपित सोपं होतं. मी आधी उत्तर लिहायचो, इंटिग्रेशनच्या उलट जाऊन त्याचं डेरिव्हेटिव्ह काढायचो आणि जे निघेल ते गणित म्हणून द्यायचो. उत्तर खिशातच!

शिरपूर जैनला आमच्या ज्युनिअर कॉलेजात मी चार वर्षं तासिकेवर शिकवत होतो. पर्मनंट जागा निघाली आणि संस्थेचे अध्यक्ष देवमनभाऊ म्हणाले, "मंगळवारी तुमचा तास पाह्यतो. पोरं इचारतील ते तिथंच सोडवा!"

सोमवारीच मी पोरांना प्रश्नांच्या चिठ्ठ्या वाटून टाकल्या.

मंगळवारी भाऊ शेवटच्या बाकावर बसले. योगिनी उठली. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी!

"सर, ई रेज टू एक्स स्क्वेअर!"

मी थबकलो. चिठ्ठीत त्याच्यापुढे गुणिले एक्स होता. तो असला की गणित दोन ओळींत सुटतं. तो नसला की त्याला सूत्रात मांडता येईल असं उत्तरच नाही, हे रीतसर सिद्ध झालेलं आहे. मला ते ठाऊकही होतं. पण भाऊ बघत होते! मी फळा भरला, पुसला, पुन्हा भरला.

योगिनीला माझी दया आली. "सर, कठीण जाऊन राह्यलं का? म्या तर तुमाले सोपं जावं म्हणून पुढचा एक्स काढून टाकला!"

"कुठचा एक्स?" भाऊंनी विचारलं.

"चिठ्ठीतला, भाऊ."

मुन्ना तत्परतेनं उठला. "भाऊ, माही चिठ्ठी घ्या! ते सरायले येते!"

भाऊंनी मला ऑफिसात बोलावलं. मी सगळं कबूल केलं.

"म्हंजे आधी उत्तर, मंग प्रश्न?"

"हो भाऊ." नोकरी गेली, असंच मी धरून चाललो.

"मंग लाजता कायले? आमी मुलाखती अशाच घेतो! आधी माणूस ठरवतो. ह्या जागेवर माहा भाचा हरीओम ठरला. त्याले येतील असे पाच प्रश्न काढून द्या. तुमचा हात बसला आहे!"

वाईट वाटलं, फार वाटलं. पण तासिका तरी टिकवायच्या होत्या. म्हणून हरीओमला काय काय येतं, ते विचारत दोन तास बसलो.

आतापर्यंत एकच प्रश्न निघालाय: तुमचे मामा कोण?