युद्धकाळातलं जेवण

जेवण बेचव व्हावं म्हणून आसातो सर सकाळपासून शाळेच्या स्वयंपाकघराच्या दारात ठाण मांडून उभे होते. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या त्या शाळेत दर जूनमध्ये सहावीला दुसऱ्या महायुद्धात इथे झालेल्या युद्धाचा पाठ असे. यंदा सरांनी नवी टूम काढली होती. युद्ध जपान्यांच्या बाजूनं शिकवायचं, अमेरिकनांच्याही बाजूनं शिकवायचं आणि तेही ताटातून. एका वाटीत इथल्या उपाशी लोकांचं पिठाच्या गोळ्यांचं पाणचट सूप, शेजारी अमेरिकन सैनिकाचं डबाबंद डुकराचं मांस आणि दगडासारखी बिस्किटं. शिक्षण खात्याचे नाकामा साहेब पाठ बघायला येणार होते. त्यांना पटलं नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा नुसतं सनावळ्यांचं पाठांतर.

"इहाबाई, मीठ घालू नका. दोन घोटांत पोरांची तोंडं वाकडी झाली पाहिजेत."

"माझ्या पातेल्यात काही उरत नाही, सर," स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या इहाबाई म्हणाल्या. "उरलेल्याचं वजन करून रोज वर कळवावं लागतं. आजवर शून्य आहे."

"आज उरू द्या की थोडं. शिक्षणासाठी."

"शिक्षण तुमचं होईल, नाक माझं कापलं जाईल."

शेवटी 'पातळ करते' यावर तोड निघाली. बाईंनी शब्द पाळला. फक्त आधी डुकराची हाडं आणि सुके मासे चांगले उकळून घेतले. पोरांना नुसतं पाणी वाढायला त्यांचा हात धजेना.

साहेब आले. युद्ध डोळ्यांनी पाहिलेल्या कामादो आजी आल्या आणि साहेबांशेजारी बसल्या. इंग्रजी शिकवणाऱ्या अमेरिकन मिस हॅटींनी बाकाबाकावर बिस्किटं ठेवली, पाहुण्यांपुढे थाळीभर ठेवली. मुलांनी पहिला घोट घेतला आणि वर्ग एकदम गप्प झाला. सरांना बरं वाटलं. मग मिओ नावाची मुलगी रिकामी वाटी घेऊन पातेल्याकडे निघाली आणि तिच्यामागे सगळा वर्ग. शेवटच्या वाटीसाठी तर दगड-कागद-कात्री सुरू झाली.

"अरे, हे उपासमारीचं जेवण आहे," सर कळवळून म्हणाले.

"मग उद्यापण उपासमार ठेवा ना, सर," मिओ म्हणाली.

सरांनी घाईघाईनं अमेरिकेची बाजू घेतली आणि मांसाचा डबा उघडून वर धरला. "आता हे बघा. शत्रूचा सैनिक काय खायचा?"

"सर, हे आमच्याकडे रोज सकाळी असतं. अंड्याबरोबर."

"आमच्याकडे कारल्यात घालतात."

"मग काय शिकलात आज?" साहेबांनी विचारलं.

"युद्धात दोन्हीकडे खाण्यापिण्याची चंगळ होती," मिओनं सांगितलं. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

मिस हॅटींना त्यांची दया आली असावी. "माझे पणजोबा इथे लढले," त्या म्हणाल्या. "पुढे घरात हा डबा कुणी उघडला, की ते जेवता जेवता उठून जायचे."

"आवडायचा नाही त्यांना?" मिओनं विचारलं.

"आवडायचा. पण वास आला की इथलं सगळं आठवायचं."

मुलं डब्याकडे बघत राहिली. सरांनी संधी साधली. "आजी, तुम्ही सांगा."

"सांगते की. आम्ही गुहेत लपलो होतो. एका गोऱ्या शिपायानं असाच डबा पुढे केला. आम्हाला वाटलं विष असणार. म्हणून आईनं आधी स्वतः खाल्लं."

"मग?"

"मग तिनं आणखी खाल्लं. मी भोकाड पसरलं. म्हटलं, ही संपवते की काय."

वर्ग हसला. तेवढ्यात साहेबांचा हात बिस्किटांच्या थाळीकडे गेला. थाळी रिकामी होती.

"आजींनी पिशवीत टाकली," मिओ म्हणाली. "मी बघितलं."

सरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आजींनी मात्र पिशवी मांडीवर घट्ट धरली. "टाकली तर टाकली. आज पोट भरलंय. उद्याचं कुणी सांगितलंय?"

"आजी, युद्ध संपून जमाना झाला," सर म्हणाले.

"असं तुम्ही म्हणता."

या वेळी कुणी हसलं नाही. मिओ उठली आणि आपली बिस्किटं आजींपुढे ठेवून आली. मग एकेक करत सगळेच उठले. आजींनी एकालाही 'नको' म्हटलं नाही. पिशवी भरली तशी त्यांनी साहेबांच्या बॅगेकडे नजर टाकली.

"तुमची मोठी दिसते."

साहेबांनी आतले सगळे कागद काढून काखेत मारले आणि बॅग उघडून आजींपुढे धरली.

"आसातो सर," ते हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी बिस्किटं जरा जास्त मागवा."