चेंडू ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं

"आता आपल्या वस्तीच्या समितीत भांडण म्हणून होणार नाही!" दोन दिवसांचं शिबिर आटोपून घरात पाऊल टाकताच बाईंनी जाहीर केलं. चपलासुद्धा अजून पायातच होत्या.

बाई म्हणजे चौतीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळून निवृत्त झालेल्या बाई. अख्खी वस्ती त्यांना बाईच म्हणे. त्यांचे यजमानही बाईच म्हणत. यजमान एके काळी कोर्टाबाहेर टाइपरायटर मांडून लोकांचे अर्ज टाइप करायचे. त्यांना सगळे काका म्हणत.

"कसलं शिबिर म्हणालात?" काकांनी वर्तमानपत्राआडून विचारलं.

"सर्वसंमतीचं! मतदान नाही, आरडाओरडा नाही. प्रत्येकाचं ऐकायचं आणि सगळ्यांना पटेल तेच करायचं. मी आता सुलभक झाले आहे, सुलभक!"

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांचं काम सुलभ करणारी."

"मग आधी त्या खिडकीची कडी बघा. दोन महिने लागत नाहीये."

चौथीतल्या सर्वांत व्रात्य पोराकडे बघावं तसं बाईंनी त्यांच्याकडे बघितलं.

पण प्रश्न खरोखरच गंभीर होता. शाळेशेजारच्या मैदानाचं अर्धं अंग कापून तिथे गाड्या लावायची जागा करायचं नगरपालिकेने ठरवलं होतं. कुणाचा आक्षेप असेल तर शुक्रवारी पाचच्या आत लेखी द्या, नाहीतर सोमवारी काम सुरू, अशी नोटीस फाटकावर चिकटवलेली होती. त्या मैदानात बाईंनी चौतीस वर्षं पोरांना पळायला लावलं होतं आणि पडलेल्यांचे गुडघे धुतले होते. मैदान गेलं तर पोरं पळणार कुठे? गाड्यांच्या बॉनेटवर?

"एका पानाचा तर अर्ज," काका म्हणाले. "देऊ टाइप करून?"

"हात लावायचा नाही! एकट्याने केलेलं काम म्हणजे हुकूमशाही. अर्ज वर्तुळातून आला पाहिजे!"

"वर्तुळातून. बरं," म्हणत काकांनी पान उलटलं.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता टेलरच्या दुकानावरच्या खोलीत समितीचे आठ जण गोल करून बसले. भिंतीवर बाईंनी तक्ता लावला होता. पटलं, तर दोन्ही हात वर करून बोटं लुकलुकवायची. मुळीच पटलं नाही, तर मनगटांची फुली करायची. एक जरी फुली पडली तरी सगळं थांबणार! आणि बोलायचं कुणी? तर ज्याच्या हातात लाल रबरी चेंडू असेल त्याने. बाकीच्यांनी ओठ शिवून बसायचं.

वेळ सांगायचं काम रिक्षावाल्याला दिलं. एकदा बोलायला लागला की थांबत नसे, म्हणून त्याचं नाव 'ब्रेकफेल' पडलं होतं. बाईंनी त्याच्या मनगटावर आपलं घड्याळ बांधलं आणि बजावलं, "चेंडूशिवाय एक अक्षरही बोलायचं नाही. आईची शपथ घे!"

त्याने घेतली.

"आधी प्रत्येकाने आपल्या मनात काय आहे ते दोन वाक्यांत सांगायचं," बाई गोड हसून म्हणाल्या आणि त्यांनी चेंडू आपल्या नणंदेकडे, म्हणजे वन्संकडे दिला. इथेच घोटाळा झाला! गेल्या वीस वर्षांत वन्संना मध्येच न तोडता कुणी ऐकलंच नव्हतं. त्यांनी आधी चेंडू पदराखाली घेतला. मग डावा गुडघा झाला, उजवा गुडघा झाला, सूनबाई झाल्या, सूनबाईंच्या माहेरचे झाले. मध्येच त्या रडल्याही. बाईंना भरून आलं. शिबिरात सांगितलं होतं ना, माणूस मोकळा झाला पाहिजे! वन्सं मोकळ्या होईपर्यंत सव्वातीन वाजले.

ब्रेकफेलने घड्याळाकडे बोट दाखवलं. "थांब हं, तुझी पाळी येईल," बाई म्हणाल्या.

मग अर्ज लिहायला घेतला. 'आम्ही या योजनेला तीव्र विरोध करतो.' पहिल्याच वाक्याला स्वल्पविराम यांनी फुली मारली. हे गृहस्थ छापखान्यात मुद्रितं तपासायचे, म्हणून हे टोपणनाव. घरच्या किराण्याची यादीही ते लाल पेनने दुरुस्त करून पाठवत.

"तीव्र कशाला?" चेंडू मिळताच ते म्हणाले. "विरोध हा विरोध असतो. तीव्र म्हटलं की आपण चिडलोय असं दिसतं."

"चिडलोच आहोत!" टेलर उसळला.

"चेंडू!" बाई ओरडल्या.

चेंडू टेलरकडे गेला. मग 'ठाम' आला, 'सौम्य पण ठाम' आला, 'खेदपूर्वक' येऊन गेला. चार वाजता एकदाचा 'तीव्र' काढून टाकायचं ठरलं आणि सात जणांनी बोटं लुकलुकवली. समोरच्या गॅलरीतल्या माणसाला वाटलं, यांच्याकडे डास फार झालेत. त्याने आपली खिडकी लावून घेतली.

आठवे हात ब्रेकफेलचे होते. ते घड्याळावर टकटक करत होते.

"याला काहीतरी सांगायचं आहे," टेलर म्हणाला.

"पाळीने! न्याय म्हणजे न्याय!"

आणि सह्यांच्या वेळी टेलरनेच फुली मारली! आपलं नाव शेवटी का? खोली कुणाची? पंखा कुणाचा? मग आठ जणांची नावं क्रमाने नकोतच, गोलाकार लिहावीत म्हणजे कुणी पहिलं नाही, कुणी शेवटचं नाही, असं वन्संनी सुचवलं. बाईंना ते इतकं आवडलं, की त्यांनी शिवणकामाचा खडू घेऊन स्वतः ताटली ठेवून वर्तुळ आखलं. ते पुसलं गेलं. पुन्हा आखलं.

ब्रेकफेल आता खुर्चीवर उभा राहिला होता. चेहरा लाल, गाल फुगलेले, उकळी फुटलेल्या किटलीसारखा! बाईंना त्याच्या संयमाचं फार कौतुक वाटलं. "बघा, किती बदल झालाय याच्यात!" असं म्हणून त्यांनी चेंडू त्याच्याकडे फेकला.

"पाच वाजून सात मिनिटं!" ब्रेकफेल किंचाळला. "तीन वाजल्यापासून बोंबलतोय मी मनातल्या मनात!"

मग काय विचारता! आठ जण एका रिक्षात. वन्सं मांडीवर, स्वल्पविराम अर्धे बाहेर. नगरपालिकेची खिडकी बंद होता होता बाईंनी फटीत हात घातला.

"अहो, मैदान! मैदानाचा आक्षेप!"

"हात काढा बाई, चेंगरेल," आतला कारकून म्हणाला. "मैदानाचा आक्षेप सकाळी दहालाच आलाय. एक पान, छान टाइप केलेलं. थांबवलंय ते काम. चौकशी होणार आता."

"पण सह्या? आठ सह्या?"

"एक पुरते की. नोटिशीत लिहिलंय."

बाईंनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. नोटीस शेवटपर्यंत कुणीच वाचली नव्हती.

खाली सही कुणाची होती, हे तुम्हाला वेगळं सांगायला नकोच.

मैदान वाचलं म्हणून रविवारी समितीची बैठक झाली. सगळ्यांची तोंडं आंबट. शेवटी स्वल्पविराम यांनी चेंडू मागून घेतला आणि ठराव वाचला : 'समितीला न विचारता, परस्पर आणि एकट्याने मैदान वाचवल्याबद्दल संबंधित गृहस्थांचा तीव्र निषेध.'

'तीव्र'वर कुणी काही बोललं नाही. फुली नाही, शंका नाही. एकदम चौदा हात वर गेले आणि बोटं अशी लुकलुकली म्हणता! बाईंनी मोजलं, सुलभक म्हणून मोजावंच लागतं. मग त्यांना दिसलं, की हात सोळा आहेत आणि त्यातले दोन त्यांचे स्वतःचेच.

"दोन मिनिटं दहा सेकंद!" ब्रेकफेलने जाहीर केलं.

बाई घरी आल्या तेव्हा काका खिडकीची कडी बसवत होते.

"काय, झालं का एकदाचं एकमत?"

"झालं," बाई चपला काढत पुटपुटल्या.

"अरे वा! कशावर?"

"आधी चहा घ्या," बाई म्हणाल्या आणि घाईघाईने स्वयंपाकघरात शिरल्या.