अख्खं ऑफिस पहिल्या रांगेत

"रविवारी संध्याकाळी मंडईच्या चौकात यायचं! लेकीचा कार्यक्रम आहे. आणि गाण्यात आवाज कुणाचा आहे, ठाऊक आहे? माझा!"

त्या आठवड्यात नानांनी हे वाक्य पालिकेतल्या प्रत्येक टेबलासमोर उभं राहून म्हटलं. नाना बांधकाम विभागातले जुने लिपिक. त्यांच्या बढतीचा कागद साहेबांच्या सहीसाठी अडकला होता, तेव्हा साहेबांना मानाने बोलवायची संधी ते सोडतील कशाला? मग एकट्या साहेबांनाच बोलावलं तर बरं दिसत नाही, म्हणून पाणीवाले, वीजवाले, स्वच्छतावाले अशा सगळ्यांना आवतण गेलं. पहिली रांग राखून ठेवायला नाना स्वतः दुपारपासून खुर्च्यांवर हातरुमाल टाकत फिरत होते.

लेकीच्या बँडचं नाव 'बोंबाबोंब'. हिप-हॉप म्हणजे काय, असं कुणी विचारलं की नाना सांगत, "गाणंच असतं हो, फक्त भांडल्यासारखं म्हणायचं. तिच्यात ते तिच्या आईकडून आलंय!" बँडमध्ये माणसं तीन. शब्द लेकीचे. ठेका बेकरीवाल्याचा, तोही तोंडाने, कारण मशीन परवडत नव्हतं. आणि तिसरी भाजीवाली मावशी, जिच्या आवाजापुढे माइक केवळ शोभेला! मंडईचे गाळे बंद झाले की तिघं तिथेच ओट्यावर बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकायची आणि त्यांची गाणी करायची. अंधाऱ्या गल्लीवर गाणं केलं, तर महिन्याभरात दिवे लागले. तेव्हापासून मंडईतला प्रत्येक माणूस त्यांना घरचंच समजायचा.

आता नानांच्या आवाजाची गोष्ट. लेकीने एकदा विचारलं, "बाबा, तुमचा आवाज गाण्यात घेऊ का?"

"घे की! विचारतेस काय!"

आठवडाभर नानांनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. ठरल्या दिवशी लेकीने मोबाइल समोर धरला, नानांनी डोळे मिटून सूर लावला, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ऑफिसचं काम होतं. नाना दोन मिनिटं बोलले, फोन ठेवला आणि नव्याने सूर लावणार तोच लेक म्हणाली, "राहू दे बाबा, हवं होतं ते मिळालं."

"एवढ्यात? अगं, अजून गळा तापला नाही!"

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी लेक जरा चाचरतच म्हणाली, "बाबा, ऑफिसातल्या लोकांना बोलवायच्या आधी एकदा गाणं ऐकून घ्या ना."

नाना हसले. "मला धक्का द्यायचाय ना? दे, बिनधास्त दे! आणि बोलवायचं म्हणशील, तर सगळ्यांना बोलावून झालंय."

रविवारी चौक खचाखच भरला. पहिल्या रांगेत साहेब, त्यांच्या शेजारी पाणी, वीज, स्वच्छता, आणि टोकाला इस्त्रीच्या शर्टात नाना. बेकरीवाल्याने ठेका धरला आणि साहेबांची मान आपोआप डोलायला लागली. नाना धन्य झाले!

चारपाच गाणी झाली, तास उलटला, आणि मावशी नवं गाणं घेऊन पुढे आली.

"भिंती बांधल्या, रंग दिला, फीत कापली झोकात,
कुलूप लावून गेले साहेब, चावी कुणाच्या खिशात?
सकाळपासून घोट पाण्याचा घेत नाही बाई,
कारण जायचं कुठं, याची सोय कुठंच नाही!"

नानांनी ओळखलं. मंडईतलं बायकांचं स्वच्छतागृह! बांधून, रंगवून, फीत कापून दोन वर्षं कुलपात पडलेलं! आणि लागलीच कर्ण्यातून एक आवाज घुमला. चांगला खणखणीत, गुळण्या करून स्वच्छ केलेला आवाज.

"साहेब जागेवर नाहीत, उद्या या!"

लेकीने मोबाइलवरचं बटण दाबलं. "उद्या या! उद्या या! उद्-उद्-उद्या या!"

अख्खा चौक म्हणायला लागला, उद्या या! म्हाताऱ्या टाळ्या पिटत म्हणत होत्या, पोरं उड्या मारत म्हणत होती. नानांनी हातरुमालात तोंड लपवलं. बढती गेली, आता नोकरी टिकली तरी पुष्कळ, असं त्यांच्या मनात आलं. पण मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "काय आवाज आहे हो! रेडिओवर हवा होता!" आणि खोटं कशाला बोला, रुमालाच्या आड नानांची छाती वीतभर फुगली.

"आवाजवाला कोण? वर बोलवा!" लोक ओरडले. पाणीवाल्यांना तेवढंच हवं होतं. त्यांनी नानांना धरून उभं केलं. "हे काय, आमचे नाना!"

टाळ्यांच्या कडकडाटात नाना स्टेजवर पोचले. टाळ्या चढतात हो माणसाला! मावशीने माइक पुढे करून विचारलं, "दादा, तेवढं सांगा, चावी कुणाकडं आहे?"

शहाण्या माणसाने इथे खोकल्याची उबळ आणली असती. नानांनी खिशातून भला मोठा जुडगा काढून उंच धरला. "माझ्याकडे! उभ्या नोकरीत एक चावी हरवलेली नाही!"

टाळ्या थांबल्या. फक्त बेकरीवाल्याचा ठेका तेवढा चालू होता.

"मग उघडत का नाही?" मावशी म्हणाली.

"पाण्याची जोडणी व्हायचीय," नानांनी बोट दाखवलं.

"आम्ही तयारच आहोत," पाणीवाले ताडकन उठले. "वीजवाले मोटरला वीज देत नाहीत!"

"स्वच्छतेने जागा ताब्यात घेतल्याशिवाय वीज कुणाच्या नावावर देऊ?" वीजवाले म्हणाले.

"बांधकामाने चावी दिल्याशिवाय ताबा कसा घेऊ?" स्वच्छतावाल्यांनी बोट केलं ते थेट नानांकडे! "आणि नाना म्हणतात, साहेबांचा आदेश हवा."

दोन वर्षं जे बोट एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे फिरत होतं, ते पाचशे लोकांसमोर मिनिटभरात फिरून परत आलं. कुणालाही 'जागेवर नाहीत' म्हणायची सोय नव्हती, कारण नानांनीच सगळ्यांना हाताला धरून जागेवर बसवलं होतं!

नानांनी लेकीकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. आपल्यापायी बाबांचं नुकसान होणार, हे तिला दिसत होतं. मग त्यांनी मावशीकडे पाहिलं. तासभर घसा फोडून गात होती, ओठ कोरडे पडले होते, आणि शेजारच्या स्टुलावर ठेवलेल्या पाण्याच्या तांब्याला तिने हात लावला नव्हता. नानांना मनापासून लाज वाटली.

"साहेब," ते माइकवरून म्हणाले, "उघडू का?"

साहेबांची मान ठेक्यावर डोलतच होती.

"साहेबांनी मान हलवली!" नाना गरजले. "सगळ्यांनी पाहिलं ना?"

"पाहिलं!" चौक गरजला.

"अहो नाना, मी ठेक्यावर..." साहेब म्हणाले, पण ऐकायला होतं कोण? नाना पुढे, लोक मागे. कुलूप गंजलेलं. मावशीने वाण्याच्या दुकानातून तेल आणवलं, नानांनी जोर लावला आणि दार करकरत उघडलं. वीजवाले अंगातला कोट काढून खांबाकडे धावले, पाणीवाले व्हॉल्व्हकडे. नळातून आधी लालभडक पाणी आलं, मग स्वच्छ. स्वच्छतावाल्यांनी स्वतः झाडू हातात घेतला, कारण समोर बायकांची रांग लागलेली होती आणि प्रत्येकीचं लक्ष त्यांच्याकडेच होतं.

मावशीने तांब्या उचलला आणि सगळ्यांसमोर ती घटाघट पाणी प्यायली, थेंबसुद्धा न ठेवता. लेक नानांच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "रागावलात, बाबा?"

"रागावू कशाला? माझी लेक आहेस तू!" नाना म्हणाले. एवढं बोलतानाच त्यांचा तो खणखणीत आवाज पार फुटला. अभिमानाने दुसरं काय होणार?

एवढ्यात साहेब हळूच बाजूला आले आणि कानाशी लागले. "नाना, दोन तास बसलोय मी. पुरुषांचं कुठे आहे हो?"

"हे शेजारचं दार, साहेब."

"मग उघडा की!"

"त्याची चावी ठेकेदाराकडे आहे. ताबा घ्यायचा कागद तुमच्या टेबलावर आहे, सहीसाठी."

साहेबांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा ठेकेदाराकडे. तोही आलेला होता, तिसऱ्या रांगेत, चावीसकट. आणि मग साहेब ऑफिसच्या दिशेने सुटले. रविवारी संध्याकाळी सही करायला धावत निघालेला अधिकारी नाना आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते.

"साहेब!" नानांनी मागून हाक घातली. "त्याच गठ्ठ्यात खाली माझाही कागद आहे!"

पण साहेबांनी तोवर कोपरा गाठला होता.